डीसंट आणि डिसेंट

स्थळाची चौकशी करून आलेले काका 'मुलगा अगदी डीसंट आहे हो' म्हणाले, की घरातल्या वडीलधाऱ्यांचा जीव भांड्यात पडतो. याच आवाजाच्या आसपास वावरणारे दुसरे एक इंग्रजी क्रियापद आहे : डिसेंट. त्याचा अर्थ मात्र ठरलेल्या मताशी असहमत होणे. 'चकली खुसखुशीत नाही' म्हणणारा जावई नुसता 'डिसअ‍ॅग्री' करतो. दहाजणांनी मान डोलावल्यावर जो अकरावा 'नाही' म्हणतो, त्याचे 'डिसेंट'.

मी आयुष्यभर डीसंटच राहिलो. एका शाळेच्या समितीवर होतो, तेव्हाची गोष्ट. फी थकलेल्या एका मुलाला परीक्षेला बसू न देण्याचा ठराव आला. मला तो मुळीच पटला नव्हता. पण अध्यक्षांनी 'सर्वांची संमती आहे ना?' असे विचारले, तेव्हा मी चहाच्या कपात पाहत बसलो. इतिवृत्तात नोंद झाली : 'एकमताने मंजूर.'

त्या रात्री शब्दकोश उघडला. लॅटिनमधले 'डिस' म्हणजे वेगळे आणि 'सेंतिरे' म्हणजे वाटणे. 'सेंटिमेंट' आणि संमती देणारे 'कन्सेंट' ही याचीच भावंडे. म्हणजे मुळात हे भांडण नव्हेच. नुसते वेगळे वाटणे! आपणही 'मला तसं वाटत नाही' असेच म्हणतो की.

पण ते म्हणायला किंमत पडते. आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ रोजी, स्थानबद्ध माणसाला सुटकेसाठी न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींनी दिला. पाचवे, न्यायमूर्ती हंसराज खन्ना, यांना तसे वाटले नाही. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून त्यांच्या कनिष्ठाला सरन्यायाधीश नेमण्यात आले. खन्नांनी राजीनामा दिला. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो जुना निकाल रद्द ठरवला. खन्ना तोवर हयात नव्हते.

मला किंमत ती काय पडणार होती? अध्यक्षांच्या कपाळावरची एक आठी! पुढच्या बैठकीत इतिवृत्त कायम करताना मी उठलो आणि म्हणालो, "मला तसं वाटत नव्हतं, एवढं लिहून घ्या."

त्यांनी लिहून घेतले. मुलाचे वर्ष मात्र तोवर गेले होते.