स्वतःच्या जबाबदारीवर

वाळवंटात गाडी घालायची तर आधी चाकांतली हवा काढावी लागते, असं आम्ही सुट्टीवर गावी आलो की सांगतो आणि गावची माणसं हसतात. "हवा भरायला पंपावर जाणारे बघितले, हवा काढायला पेट्रोल जाळत इतक्या लांब जाणारे तुम्हीच," असं एका चाचांनी आम्हाला ऐकवलंही होतं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. ज्या मुलखात पोट भरायला गेलो तिथल्या वाळूत सुट्टीच्या दिवशी गाडी रुतवायची आणि मग ती काढत बसायचं, हा शौक त्यांना कसा समजावा? आम्हालाही सुरुवातीला समजला नव्हता.

आम्ही पाचजण. दोघे दापोली तालुक्यातले, एक खेडचा, एक चिपळूणचा, एक श्रीवर्धनचा. शारजात आधी एका खोलीत दाटीवाटीने राहिलो, मग जरा बरे दिवस आले, बायका-मुलं आली, जुन्या का होईना गाड्या आल्या. आमच्यातल्या दोघांचे आजोबा बोटीवर खलाशी होते. मदाम आणि मलीहाच्या बाजूची ती तांबडी वाळू पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यांना समुद्रच आठवला. लाटेमागून लाट, फक्त थिजलेली. एकदा त्यात गाडी घातली आणि आम्ही अडकलो ते अडकलोच.

पण समुद्रात एकट्याने होडी घालू नये आणि वाळूत एकट्याने गाडी घालू नये. म्हणून आम्ही एका गटात सामील झालो. गटाचा म्होरक्या केरळचा, पन्नाशीकडे झुकलेला. मलबारकडचे मुसलमान थोरल्या भावाला इक्का म्हणतात, म्हणून आम्हीही त्याला इक्काच म्हणत असू. पेशाने मेकॅनिक, बोलणं कमी. त्यानेच आम्हाला सगळं शिकवलं. डांबरी रस्त्यावर चाकात पस्तीस पीएसआय हवा असेल तर वाळूत ती पंधरापर्यंत उतरवायची. मग टायर पसरतो, जमिनीला जास्त टेकतो आणि गाडी वाळूवर तरंगल्यासारखी चालते. पण हवा कमी असताना वेगात झटक्याने वळलात तर टायर रिमवरून निसटतो. टेकडी चढायची तर वेग खालीच घ्यायचा आणि माथ्याशी पाय सैल करायचा, कारण पलीकडे उतार आहे की तुटलेला कडा, हे खालून दिसत नाही. चढता आलं नाही तर तसंच सरळ मागे यायचं. अर्ध्यावर गाडी आडवी केली की ती लोळलीच. पुढची गाडी माथ्यापलीकडे गेल्याचं वॉकीटॉकीवर कळल्याशिवाय मागच्याने निघायचं नाही. रुतलात तर ॲक्सिलरेटर दाबत बसायचं नाही, चाक फिरत राहतं आणि आपलीच कबर खणतं. पट्टा सगळ्यांनी बांधायचा, मागच्यांनीसुद्धा. बिर्याणीचं पातेलंदेखील बांधायचं. गाडी उलटली तर पातेलं माणूस ओळखत नाही.

निघण्याआधी प्रत्येकाने एका कागदावर सही करायची. त्याचा अर्थ एवढाच की मी स्वतःच्या जबाबदारीवर येत आहे, काही झालं तर दुसऱ्या कुणाला धरणार नाही. आम्ही तो कागद कधी नीट वाचला नाही. आमच्या मते त्याचा अर्थ सोपा होता. मेलो तर आम्ही मेलो, तुम्हाला काय?

२०१९ चा जानेवारी. तेव्हा इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची असे. शुक्रवारी पेट्रोल पंपावरच्या लहानशा मशिदीत फजरची नमाज पढून अकरा गाड्या निघाल्या. वाळूच्या तोंडाशी सगळे गोल उभे राहिले. इक्काने नेहमीप्रमाणे एकेक विचारलं. पाणी आहे? आग विझवायचं नळकांडं आहे? गाडीला पुढे आणि मागे, दोन्हीकडे ओढायचे पक्के हुक आहेत? ज्यांच्याकडे आहेत त्यांनी हात वर करा.

सगळ्यांचे हात वर गेले. आमच्यातल्या हर्णैकराचाही गेला.

त्याने दोनच महिन्यांपूर्वी जुनी फोर बाय फोर घेतली होती. आधीच्या मालकाने मागच्या बाजूला होडीचा ट्रेलर जोडण्यासाठी लोखंडी गोळा बसवून घेतला होता, टो-बॉल म्हणतात तो. मूळ हुक कुठे गेला, काढला की बंपरच्या आत दडला, हे त्याने पाहिलं नव्हतं. आणि हे आम्हा बाकी चौघांना ठाऊक होतं. आदल्याच आठवड्यात गाडी धुताना चिपळूणकर त्याला म्हणाला होता, "ह्या गोळ्याला काय हर्णैची होडी बांधनार हायस?" आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो. त्या सकाळी त्याचा हात वर गेला तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिलंसुद्धा. बोललो नाही. चारचौघांत मित्राला खाली कशाला पाहायला लावा?

साडेदहाच्या सुमारास हैदराबादच्या एका जोडप्याची गाडी टेकड्यांमधल्या खोलगट जागी पोटापर्यंत रुतली. आम्ही सर्वांत जवळ होतो. इक्का दोन टेकड्या पुढे होता. शेवटची गाडी मागे कुणाचा तरी निसटलेला टायर बसवत होती. वॉकीटॉकीवर इक्काचा आवाज आला. "बसलेल्यांना खाली उतरवा, लांब उभं करा. चाकांपुढची वाळू काढा. मी येईपर्यंत दोरी लावू नका."

आम्ही अर्धं ऐकलं. त्या बाईंना उतरवून वरच्या उतारावर नेऊन उभं केलं. फावड्याने वाळू काढली. मग घड्याळ पाहिलं. बाराच्या आत डांबरी रस्त्याला लागलो नाही तर जुम्म्याची नमाज चुकणार होती. इक्काला यायला पंधरा-वीस मिनिटं तरी लागली असती. "काय व्हायचा नाय रे," कुणीतरी म्हणालं. ते कोण म्हणालं यावर आमच्यात आजही एकमत नाही. बहुधा सगळेच म्हणालो असू.

हर्णैकराने गाडी पुढे आणून उभी केली. दोरीचं एक टोक रुतलेल्या गाडीच्या पुढच्या हुकात अडकवलं, दुसरं टोक त्या गोळ्यावर. पहिला हिसका हलका होता, गाडी जागची हलली नाही. दुसऱ्या वेळी त्याने मागे येऊन दोरी सैल सोडली आणि जोरात धाव घेतली.

बंदुकीचा बार निघावा तसा आवाज झाला. हर्णैकराची गाडी एकदम पुढे उडाली. आम्ही मागे पाहिलं तर रुतलेल्या गाडीच्या काचेला एक भोक आणि भोवती जाळं. ड्रायव्हर डावीकडे बसलेला, दोन्ही हात स्टीअरिंगवर, तोंडातून शब्द फुटत नव्हता. इकडे स्टीअरिंग डावीकडे असतं. उजवीकडच्या सीटवर, डोकं टेकतात त्या उशीत, मुठीएवढा लोखंडी गोळा रुतून बसला होता. त्या बाई वरून आपली सीट पाहत होत्या.

असं का होतं हे इक्काने नंतर आम्हाला वाळूवर बसवून सांगितलं. ही दोरी ताणली जावी अशीच बनवलेली असते, तिच्यात गलोलीच्या रबरासारखा जोर साठतो. तो जोर झेलायला गाडीच्या सांगाड्याला पक्का बसवलेला हुक लागतो. ट्रेलरचा गोळा सरळ रस्त्यावर ओझं ओढण्यासाठी असतो. त्याची मान बारीक, हिसक्याने तुटते. तुटली की गोळा दोरीबरोबर उलट येतो, म्हणजे नेमका रुतलेल्या गाडीतल्या माणसांवर. ऑस्ट्रेलियात अशा तुटलेल्या गोळ्यांनी माणसं मेली आहेत. म्हणून दोरीवर घोंगडी किंवा जड पिशवी टाकायची, तुटली तरी तिचा झपाटा कमी होतो. म्हणून बघ्यांनी दोरीच्या लांबीहून लांब उभं राहायचं. म्हणूनच तो सकाळी हात वर करायला सांगत होता.

पण हे सगळं नंतरचं. तो धावत आला तेव्हा आधी त्याने काचेतून आत पाहिलं. आमच्यातला एकजण पुटपुटला, "अल्लाहने वाचवलं."

इक्का म्हणाला, "वाचवलं खरं. पण मारायची तयारी कुणी केली होती?"

यावर बोलण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतं. आणि ज्या नमाजेसाठी घाई केली ती त्या दिवशी गेलीच. काच बदलायची तर आधी पोलिसांचा कागद लागतो, इथल्या गॅरेजवाल्यांना त्याशिवाय अपघाताच्या गाडीला हात लावता येत नाही. त्या काळी चूक असलेल्याला लाल कागद मिळे, नसलेल्याला हिरवा. लाल कागद एकाच गाडीला मिळतो. पण चौकीबाहेर उभे असताना आम्हा पाचांनाही ठाऊक होतं की तो पाचजणांना मिळायला हवा होता. हर्णैकराने न पाहता हात वर केला. आम्ही तर पाहून गप्प राहिलो. दोघांत मोठी चूक कुणाची, हे ठरवायला मौलवी नको की वकील नको.

संध्याकाळी त्या जोडप्याच्या घरी गेलो. काचेचा खर्च पाच वाट्यांनी द्यायचं ठरवलं होतं. नवऱ्याने चहा दिला, "होतं असं कधीकधी" म्हणाला. बाई आतल्या दाराशी उभ्या होत्या. त्यांनी एकच विचारलं, "तो गोळा तसा आहे हे तुम्हाला आधी माहीत होतं?"

नाही म्हणता आलं असतं. पुरावा कुठे होता? हर्णैकरानेच मान वर केली आणि म्हणाला, "मला माहीत होतं." मग आम्हीही एकेक करून हो म्हणालो. चहा कुणी संपवला नाही.

त्या रात्री आम्हाला त्या कागदाचा अर्थ लागला. "स्वतःच्या जबाबदारीवर" म्हणजे माझं बरंवाईट माझं, असं आम्ही धरून चाललो होतो. पण जोखीम आमची होती आणि सीट दुसऱ्याची. दोरीला दोन टोकं असतात. माझ्या टोकाला मी काय बांधलं आहे, हे दुसऱ्या टोकाच्या माणसाला दिसत नाही. त्याला माझ्या वर गेलेल्या हातावरच भरवसा ठेवावा लागतो. तो कागद दुसऱ्यांना मोकळं करतो. आपल्याला तर अधिकच बांधतो.

आणि "मेलो तर आम्ही मेलो" हेही खोटंच. आखातातून पेटी येते तेव्हा काय होतं, हे कोकणातल्या मुसलमान मोहल्ल्याला वेगळं सांगायला नको. मुंबईच्या विमानतळावर मयत ताब्यात घेण्यासाठी आम्ही प्रत्येकाने आयुष्यात कधी ना कधी रात्र काढली आहे. एका पगारावर किती ताटं वाढली जातात, कुणाच्या बहिणीचा निकाह कुठे अडून राहतो, कुणाच्या घराचा स्लॅब अर्धा पडून राहतो, हे आम्ही जवळून पाहिलं आहे. आमची जोखीम आमच्या एकट्याची कधीच नव्हती. आमच्या अम्मी-अब्बांनी, बायकांनी, पोरांनी त्या कागदावर सही केलेली नव्हती. शौक करू नये असं आमचं म्हणणं नाही. आठवडाभर दुसऱ्याच्या घड्याळावर राबणाऱ्या माणसाला एक सकाळ मोकळी हवीच. पण मोकळं होणं आणि बेफिकीर होणं यातला फरक शिकायला आम्हाला ती काच फुटावी लागली.

आम्ही वाळवंटात जाणं सोडलं नाही. हर्णैकराने गोळा काढून टाकला, मागे पक्का हुक बसवून घेतला आणि त्याची पावती इक्काला नेऊन दाखवली. गटाचा एक नियमही बदलला. आता हात वर करायचा नाही. आपली गाडी दुसऱ्याने तपासायची आणि दुसऱ्याची आपण. आमच्यातल्या दोस्तांनी एकमेकांच्या गाड्या तपासायच्या नाहीत, हा पोटनियम इक्काने खास आमच्यासाठी घातला. पहाटे अकरा-बारा माणसं गुडघे टेकून, मान खाली घालून गाड्यांखाली पाहत असतात. एकदा एका नव्या माणसाने विचारलं, "पुन्हा नमाज आहे का?" सगळे हसले. इक्काही हसला. मग म्हणाला, "ही आधीची."

मागच्या पावसाळ्यात गावी आलो तेव्हा आमच्या भाच्याने बातमी दिली. तो सह्याद्रीत जीपवाल्यांच्या रपेटीला निघाला होता. चिखल, ओढे, दोऱ्या, सगळी मजा. "मामू, त्यांचा फॉर्म असतो. स्वतःच्या जबाबदारीवर म्हणून सही केली, झालं," तो म्हणाला.

"गाडीखाली वाकून पाहिलंस का?"

"गाडी कुठे माझी आहे? मित्राची आहे."

"मग तर आधी बघ," आम्ही म्हणालो. "आणि काही दिसलं तर गप्प राहू नको."