खडूच्या खाणीतली शँपेन

१४ ऑक्टोबर, रँस

पोमरी या शँपेनच्या पेढीच्या तळघरात उतरायला ११६ पायऱ्या आहेत. वर काढून हातात घेतलेला कोट अर्ध्या वाटेतच पुन्हा चढवावा लागला. खाली बाराही महिने दहा अंशांच्या आसपास. आपल्याकडे नाशिकला एप्रिलात वाइनच्या टाक्या थंड ठेवायच्या तर वीज लागते. इथं तीस मीटर खोलवरचा खडूचा दगड ते काम फुकट करतो.

हे तळघर म्हणजे खडूच्या जुन्या खाणी, आणि त्या वाइनसाठी खणलेल्याच नाहीत. बांधकामाला दगड हवा म्हणून कित्येक शतकांपूर्वी लोक वरून खणत खाली गेले. तोंड विहिरीएवढं, आत मात्र खाली रुंदावत गेलेली प्रचंड पोकळी. भिंतीवर टिकावाचे तिरके घाव अजून ओळीनं दिसतात. मी त्यांवरून बोटं फिरवली, तर शाळेतल्या फळ्यासमोर उभं राहिल्यासारखी पांढरी झाली. खणणाऱ्यांपैकी एकाचंही नाव कुठं लिहिलेलं नाही.

१८५८ साली नवरा गेल्यावर लुईझ पोमरीबाईंनी धंदा हाती घेतला आणि पुढं या सुट्या खाणी बोगद्यांनी एकमेकींना जोडल्या. आज ते जाळं १८ किलोमीटरचं आहे. १८७४ची कमी गोडाची ‘ब्रूत’ शँपेन त्यांचीच. त्या काळी गोड शँपेनची चलती होती, हे लक्षात घेतलं की बाईंची हिंमत कळते.

१५ ऑक्टोबर, एपर्ने

इथल्या एका तळघरात पाहुण्यांना छोट्या गाडीतून फिरवतात. पाय दुखणाऱ्यांची सोय होते, पण तळघर पायीच पाहावं. चालताना थांबता येतं, आणि थांबल्याशिवाय बाटल्या फिरवण्याचं काम समजत नाही.

बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण होते, तेव्हा आतला दाब सहा वातावरणांपर्यंत चढतो. पूर्वी बाटल्या फुटायच्या, म्हणून कामगार लोखंडी मुखवटे घालत. आंबवणीनंतर उरलेला गाळ तोंडाशी आणायला लाकडी घोडीवर तिरक्या खोवलेल्या बाटल्या रोज थोड्या फिरवायच्या आणि हळूहळू उलट्या करत न्यायच्या. माहिती देणाऱ्या बाईंनी दोन्ही हातांनी दोन बाटल्या एकदम फिरवून दाखवल्या. मनगटाचा एकच झटका, काचेचा खट्ट आवाज, की हात पुढच्या जोडीवर. आता बहुतेक ठिकाणी हे यंत्रं करतात.

१६ ऑक्टोबर, पुन्हा रँस

२०१५मध्ये युनेस्कोनं शँपेनचे मळे, पेढ्या आणि तळघरं जागतिक वारशात घेतली. मला मात्र या तळघरांची खरी थोरवी पहिल्या महायुद्धात दिसते. सप्टेंबर १९१४पासून शहरावर चार वर्षं तोफा धडधडत होत्या, कॅथेड्रल जळालं. हजारो लोक याच तळघरांत राहिले, मुलांच्या शाळा इथंच भरल्या. चव घेण्याच्या टेबलाकडे पाहुण्यांना घाईनं नेण्यापेक्षा हे सविस्तर सांगायला हवं. १९१४चा द्राक्षांचा हंगामही लोकांनी सोडला नाही. पुरुष आघाडीवर गेलेले, तेव्हा बायका, म्हातारे आणि पोरं तोफांच्या माऱ्यात मळ्यांत उतरली. १९१४ची शँपेन जाणकार आजही उत्तम मानतात.