केसलापूरची मडकी, ग्रीसचे हरभरे

नांदेडहून किनवटमार्गे आदिलाबाद गाठायचे, तिथून गुडीहतनूरवरून उटनूरकडे वळायचे, की वाटेत इंद्रवेल्ली लागते. तेलंगणातले हे गाव आपल्या सीमाभागातल्या माणसाला परके वाटत नाही. बाजारात गोंडी, तेलुगू आणि मराठी एकाच दुकानात ऐकू येतात. घरात आईशी कन्नड आणि आत्याशी मराठी बोलणाऱ्यांना त्याचे नवल ते काय!

गावाबाहेर एक स्मारकस्तंभ आहे. २० एप्रिल १९८१ रोजी जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या गोंड आदिवासींवर येथे पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृत्यूंचा. प्रत्यक्षात कितीतरी अधिक माणसे गेली असे लोक सांगतात. येथे क्षणभर थांबूनच पुढे जावे.

इंद्रवेल्ली मंडळातच केसलापूर आहे. पौष अमावास्येला तेथे नागोबाची जत्रा भरते. मेस्राम कुळातले गोंड जन्नारमकडे पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात. पूजेसाठी लागणारी मडकी सिरिकोंड्याचे कुंभार घडवतात. कुळात आलेल्या नव्या सुनांची देवाशी ओळख करून दिली जाते. त्याशिवाय त्या कुळाच्या पूजेत धरल्या जात नाहीत. स्वयंपाकाची रीत तर लक्षात राहण्यासारखी आहे. कुटुंबे शेकड्यांनी, पण चुली २२च. एका तटबंदीसारख्या आवारात कुळाच्या शाखांप्रमाणे त्या ठरलेल्या आहेत आणि घरोघरच्या बायका आपापली पाळी येईपर्यंत थांबतात. आपल्याकडे दोन जावांना एक गॅस पुरत नाही, हे आठवून हसूही येते आणि थोडे वाईटही वाटते.

मडके, सामाईक विस्तव आणि वाट पाहणे या तीन गोष्टींवर चालणारा असाच एक स्वयंपाक ग्रीस देशातल्या सिफनोस बेटावर होतो. हे बेटही कुंभारांचेच. शनिवारी संध्याकाळी झाकणाच्या मडक्यात भिजवलेले हरभरे, कांदा आणि तेल घालून घरोघरची मडकी लाकडाच्या भट्टीत ठेवायची. रात्रभर ती मंद आचेवर राहतात आणि रविवारी प्रार्थना आटोपल्यावर घरी येतात. या पदार्थाला रेविथाडा म्हणतात. निकोलाओस त्सेलेमेन्तेस हे ग्रीसचे नामांकित पाककृतीकार मूळ याच बेटाचे. त्यांच्या पुस्तकाचा असा बोलबाला झाला की ग्रीक भाषेत पाककृतीच्या पुस्तकालाच ‘त्सेलेमेन्तेस’ म्हणू लागले. आपल्याकडे कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ला जो मान, तसाच हा.

ग्रीक जेवण म्हटले की चीज आणि हॉटेलचे मोठे बिल डोळ्यांपुढे येते. पण तिथल्या घरचे जेवण बरेचसे कडधान्यांचे. ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासात मांस, अंडी, दूध काहीच चालत नाही. तेव्हा चातुर्मास पाळणाऱ्या घरातही हा पदार्थ करता येईल. फक्त कांदा-लसूण वर्ज्य असेल तर चातुर्मास संपण्याची वाट पाहावी.

करायची रीत अशी. कुंभाराकडून आतून रंग किंवा चकाकी न दिलेले, जाड बुडाचे मडके (आपले मडिके) झाकणासह आणावे. एक दिवस पाण्यात बुडवून ठेवावे, मग त्यात तांदळाची पेज मंद आचेवर उकळून टाकून द्यावी. दोन वाट्या काबुली हरभरे, म्हणजे मोठे कडले, रात्रभर भिजवावेत. सकाळी पाणी बदलून मडक्यात घालावेत. दोन कांदे उभे चिरून, एक तमालपत्र आणि पाव वाटी ऑलिव्ह तेल घालावे. हरभऱ्याच्या वर दोन बोटे येईल इतके पाणी हवे. झाकण ठेवून अगदी बारीक आचेवर तीन तास तरी शिजू द्यावे. पाणी आटले तर गरमच घालावे; गार पाण्याने मडके तडकते. हरभरा बोटाने सहज दबला की मीठ घालावे आणि उतरवल्यावर लिंबू पिळावे. ऑलिव्ह तेल महाग वाटले तर करडईचे वापरावे. चव निराळी येईल, पण वाईट येणार नाही.

हळद नाही, तिखट नाही, जिरे-मोहरी नाही. सासूबाई विचारतील, फोडणी कुठे? त्यांना आधी एक चमचा चाखू द्यावा. कांदा विरघळून रसाला जो गोडवा येतो, तो फोडणीखाली बुडून जातो. शेजारी ज्वारीची भाकरी, जोळद रोट्टी, ठेवली की दात नसलेले आजोबाही रस्सा कुस्करून पोटभर जेवतील.

कुकर तीन शिट्ट्यांत हेच हरभरे शिजवतो आणि रोजच्या धावपळीत तोच बरा. पण मडके घराघरांतून गेले तसे गावचे कुंभारही चाक सोडून दुसरीकडे कामाला गेले. सिरिकोंड्याच्या कुंभाराला निदान नागोबाची जत्रा कामाला बोलावते. आपल्या गावच्या कुंभाराला उन्हाळ्यातला माठ आणि संक्रांतीची सुगडी सोडली तर कोण बोलावते? महिन्यातला एक रविवार मडक्यासाठी राखून ठेवला, तर निदान एका घराकडून तरी त्याला बोलावणे जाईल.

केसलापूरला जायचे झाल्यास जत्रेत पाहुण्यासारखे जावे. त्या २२ चुली मेस्रामांच्या आहेत; विचारल्याशिवाय आवारात शिरू नये, फोटो काढू नये.