पंखा नव्हे, पत्रा बोलतो

उन्हाळी कांदा चाळीत भरून होतो न होतो, तोच आपल्या बागलाणात उन्हाचा खरा ताप सुरू होतो. एप्रिल-मे महिन्यांत सटाण्याकडे पारा चाळिशीला भिडतो. घरामागे काढलेल्या पत्र्याच्या खोलीत तर रात्रीसुद्धा भट्टीची धग असते. अशा खोलीत पंखा ही चैन नव्हे, गरज आहे. तरीही किती तरी घरांतली म्हातारी माणसे रात्री उठून पंखा बंद करतात आणि घामात भिजत पडून राहतात. तुमच्या घरी असे होत असेल, तर ‘सवय नाही त्यांना’ म्हणून सोडून देऊ नका. कारण विचारा.

आमची माय हेच करीत असे. ‘मन्हा डोकामा घूं घूं करस, भाऊ,’ एवढेच ती म्हणायची. सकाळी पाहावे तर तोंड उतरलेले, पाय गळालेले. डॉक्टरांनी बजावले, की या वयात उकाड्याने अंगातले पाणी आटले तर जिवावर बेतते. वारा आणि झोप दोन्ही हवीत. मग वायरमनला बोलावले. त्याने दुसरा कोरा पंखा आणून त्याच अँगलला टांगून पाहिला. घूं घूं तीच!

कोडे सोडवले ते शेजारच्या तात्यांनी. त्यांचे अर्धे आयुष्य मालेगावला यंत्रमागांच्या खडखडाटात गेले. ते म्हणाले, ‘यंत्राला काय विचारतोस? ते कशाला बांधलंय ते बघ.’ त्यांनी एक वाळका बांबू घेतला, पात्यांपासून दूर उभे राहून त्याचे टोक वर पत्र्याला दाबून धरले. आवाज निम्म्यावर आला. बांबू काढला, की पुन्हा सुरू.

आता हे कसे, ते पाहा. गोंधळ्याचा संबळ आठवा. टिपरू हवेत फिरवले तर आवाज होत नाही. ते कातड्यावर पडले, की सारा गाव जागा होतो. पंख्याचे तसेच आहे. आपली वीज सेकंदाला 50 फेरे घेते आणि मोटारीतले चुंबक प्रत्येक फेऱ्यात दोनदा ओढ देते. म्हणजे सेकंदाला 100 बारीक हिसके. एकट्या पंख्याचे ते कानाला जेमतेम जाणवतात. पण पंख्याची दांडी लोखंडी, दांडी अडकवलेला अँगल लोखंडी आणि अँगलला घट्ट जखडलेला पातळ पत्रा. हिसका थेट पत्र्यात जातो आणि पत्रा कातड्यासारखा घुमतो. म्हणून इलाज पंख्यावर नव्हे, त्या वाटेवर करायचा. जीपचे इंजिन रबराच्या पायांवर बसवतात ते याचसाठी.

आम्ही केले ते असे. आधी मेन स्विच बंद केला. नुसत्या बटणावर भरवसा ठेवू नये. पंखा अँगलवरून उतरवला. दोन पक्क्या भिंतींच्या मध्ये एक जाड लोखंडी पाइप आडवा टाकला, पत्र्याला वा अँगलला कुठेही न टेकणारा. त्याच्या दोन्ही टोकांखाली आणि क्लॅम्पच्या आत ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे चार-चार पदर घातले. पंख्याच्या हुकातले रबरी बुश वाळून दगड झाले होते, ते नवे घातले. पंखा टांगण्याआधी त्या पाइपला 50 किलोची कांद्याची गोणी रात्रभर लटकावून ठेवली. पाइप तसूभर हलला नाही, तेव्हाच पंखा चढवला.

यात दोन गोष्टी विसरू नका. रबर इतके आवळू नका, की ते चेपून लोखंडासारखे कडक होईल. आणि बोल्ट रबरातून आरपार जाऊन पलीकडच्या लोखंडाला टेकला, तर रबर असून नसल्यासारखे. लोखंडाला लोखंड लागता कामा नये. पंखा पडू नये म्हणून वेगळी तार जरूर बांधा, पण ती सैल ठेवा. ताणलेली तार तोच हिसका पुन्हा वर नेते.

आवाज घूं घूं नसून खडखड असेल आणि पंखा झुलत असेल, तर रोग वेगळा. तिथे रबर फारसे कामाचे नाही. पात्यांवरची धूळ पुसा, कारण ती सगळीकडे सारखी बसत नाही. एक काठी उभी धरून प्रत्येक पात्याचे टोक तेवढ्याच उंचीवर येते का, ते हाताने फिरवून पाहा. वाकलेले पाते सरळ करा. एका पंख्याचे पाते दुसऱ्याला लावू नका. त्यांचे वजन जुळवलेले असते. आणि पत्र्याच्या हुकांखालचे वायसर उन्हाने गेले असतील तर ते बदला; सैल पत्रा वाऱ्यानेही वाजतो. पंखा मंद केला, की गुणगुणणे वाढत असेल, तर रेग्युलेटर बदलून पाहा.

आमचा आवाज पुरता गेला नाही. वाऱ्याचा सूं सूं उरला आहे. पण माय आता रात्रभर पंखा चालू ठेवते आणि पहाटे उठवावे लागते. सारा खर्च एका जुन्या पाइपाचा, चार क्लॅम्पचा आणि दोन बुशांचा.

आखाजीला लेकी माहेरी येतील, घर भरेल आणि पत्र्याच्या खोलीतही अंथरुणे पडतील. त्याआधी एक दुपार काढा. पंखा चालू करा, वाळका बांबू घ्या आणि तुमच्या घरात नक्की कोण बोलते आहे, ते ऐका.