स्प्रिंग न टाकलेली नस

सोमवार, 3 नोव्हेंबर 2025, हिमायतनगर
मेडिकलचं शटर ओढत होतो, तेवढ्यात धाकटा भाऊ बापू आला. "दादा, छातीवर पाटा ठेवल्यावानी व्हायलंय." वय 41. कानशिलावरून घाम गळत होता. आधी अ‍ॅस्पिरिन चावायला लावली. ईसीजीच्या पट्टीवर रेघा वर चढलेल्या. गाडी थेट भोकरच्या रस्त्यानं नांदेडला. गाठ विरघळवायचं टेनेक्टेप्लेज तिथं दिलं. ते दुकानात कधी ठेवत नाही, नाव मात्र पाठ.

बुधवार, 5 नोव्हेंबर, हैदराबाद
ताईचं घर इथं, म्हणून इथंच आणलं. मनगटातून अँजिओग्राफी झाली. रक्त वाहतंय, नस निम्मी अरुंद. मी स्प्रिंगच्या, म्हणजे स्टेंटच्या, पैशाला लागलो. डॉक्टर म्हणाले, "थांबा. ही नुसती पोकळीची सावली, भिंत दिसत नाही. आतून बघू."
ओसीटी म्हणतात त्याला. बारीक नळीच्या टोकाशी अवरक्त प्रकाश गरगर फिरतो. रक्तातून त्याला नीट दिसत नाही, म्हणून दोन-तीन सेकंद डाय सोडून रक्त सारायचं आणि तेवढ्यात भिंग मागं ओढायचं. 10 ते 20 मायक्रॉनपर्यंतचं कळतं. केस त्याहून कितीतरी जाड.
नंतर पडद्यावर दाखवलं. तपकिरी-सोनेरी गोल, कडेला काळी फट. मी म्हटलं, "हाच का ब्लॉक?" डॉक्टर हसले. ती नळी सरकवायच्या तारेची सावली होती! खरी जागा पलीकडे: चरबीवरचं झाकण शाबूत, फक्त वरचं अस्तर खरवडल्यागत, त्यावर गाठीचा उरलेला लहानसा लोंबता तुकडा. झाकण फुटलेलं नाही, अस्तर झिजलंय. विड्या ओढणाऱ्या तरण्या माणसात हे जास्त सापडतं म्हणे. बापूकडं बघितलं, तो भिंतीकडं बघत होता.
म्हणून डॉक्टर स्प्रिंगशिवाय गोळ्यांवर ठेवायचं म्हणाले. चीनमधल्या हार्बिनच्या डॉक्टरांनी 2017 साली छापलेल्या अभ्यासात असेच 60 निवडक रोगी स्टेंटविना अ‍ॅस्पिरिन आणि टिकाग्रेलोरवर ठेवले. महिनाभरात 47 जणांची गाठ निम्म्याहून जास्त आटली. सगळ्यांना हे चालत नाही, पुन्हा तपासावं लागेल, हेही डॉक्टरांनी दोनदा बजावलं.

रविवार, 9 नोव्हेंबर, हिमायतनगर
कापूस वेचणीतनं लोक भेटायला येतायत. पहिला प्रश्न एकच, "किती स्प्रिंगा टाकल्या?"
"एक बी नाही."
"मग हैदराबादला कशाला गेल्ते?"
मायचंही तेच. पोरावर इलाज झालाच नाही, असं तिला वाटतं. तिला तो गोल दाखवायला फोनमध्ये फोटो आणलाय. तिनं बघितला, म्हणाली, "भाकरीवानी दिसायलंय."
टिकाग्रेलोर सकाळ-संध्याकाळ. स्ट्रिप गल्ल्यातच ठेवल्या. रात्री आठला बापू गोळीला आला, तेव्हा त्याच्या खिशातलं विडीबंडल काढून घेतलं. अर्धं संपलेलं होतं.