आधी पान उलटून पाहा

कुंडीतल्या मिरचीची पानं मुडपायला लागली, की आपला हात सगळ्यात आधी कशाकडे जातो? बहुतेकदा औषधाच्या बाटलीकडे. माझं म्हणणं एवढंच आहे, की तो आधी पानाकडे जाऊ द्या. पान उलटा आणि नीट पाहा. निम्मं उत्तर तिथेच असतं.

मी शेतीतज्ज्ञ नाही. नोकरीमुळे आम्ही इंदूरला स्थायिक झालो, तेव्हापासून गच्चीवर वीस-बावीस कुंड्या आहेत. टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी, चवळी, मेथी आणि एक कढीपत्ता. माझी पाच वर्षांची लेक शाळेतून आली, की दप्तर टाकून थेट गच्ची गाठते आणि टोमॅटो तोडून तिथल्या तिथे तोंडात टाकते. रोज सांगूनही धुवत नाही. त्यामुळे आमच्याकडे कुठल्याही फवारणीला एकच कसोटी आहे. जे झाडावर जाईल, ते तिच्या पोटात जाणार.

दोन वर्षांपूर्वी मिरची अशीच आकसली, तेव्हा एका नर्सरीवाल्यानं मला छोटी बाटली देऊ केली. तिच्यावर ना नाव, ना प्रमाण. ‘एक झाकण बादलीभर पाण्यात टाका, सगळं साफ होईल,’ म्हणाला. कोणती कीड आहे, हे त्यानं विचारलंच नाही. सासूबाई सोबत होत्या. त्यांचं माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं. त्या एवढंच म्हणाल्या, ‘नाव नसलेली बाटली घरात आणायची नाही.’ 2017 मध्ये त्या जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले होते. त्यांची शेतं निदान मोकळ्या रानात होती. आपल्या बाल्कनीत तर बाजूलाच वाळत घातलेले कपडे असतात आणि पलीकडे स्वयंपाकघराची खिडकी. आम्ही बाटली तिथेच ठेवून रिकाम्या हातानं परत आलो.

घरी येऊन पानं निरखली. मिरचीचं पान कडा वर करून होडीसारखं वळलं, तर बहुधा फुलकिडे असतात. कडा खाली वळून पान उपड्या होडीसारखं झालं, तर कोळी असू शकतात. हा फरक छोटा वाटतो, पण महत्त्वाचा आहे. कोळ्याला आठ पाय असतात, तो कीटकच नाही. त्यामुळे कीटकांसाठी बनवलेली कित्येक औषधं त्याच्यावर चालत नाहीत. खात्री करायची असेल, तर शेंड्याखाली पांढरा कागद धरा आणि फांदीवर टिचकी मारा. बारीक, लांबट, पिवळसर किडे कागदावर पळू लागले, तर ते फुलकिडे. आमच्याकडे तेच निघाले.

बाकीची मंडळीही अशीच ओळखता येतात. चवळीच्या कोवळ्या शेंड्यावर हिरव्या-काळ्या ठिपक्यांची गर्दी आणि पानांवर चिकटपणा दिसला, तर तो मावा. कुंडीला धक्का लागताच पांढरी पूड उडाल्यासारखे कीटक उठले, तर पांढरी माशी. फांदीच्या बेचक्यात कापसाचे पुंजके दिसले, तर पिठ्या ढेकूण. पानावर पांढऱ्या नागमोडी रेषा उमटल्या, तर नागअळी पानाच्या आत शिरली आहे. ते पान खुडलं की काम झालं. वांग्याचा शेंडा अचानक मान टाकतो, तेव्हा पाणी कमी पडलं असं वाटतं. तो कोमेजल्या भागाच्या थोडा खालून कापून उभा चिरा. आत गुलाबी अळी सापडली, तर ती शेंडा आणि फळ पोखरणारी आहे. असे शेंडे आणि भोक पडलेली वांगी पिशवीत बंद करून फेका, घरच्या खतात टाकू नका.

आता मुंग्यांकडे वळा. झाडावर मुंग्यांची रांग लागली, की आपण मुंग्यांची पावडर शोधतो. खरंतर मुंग्या बातमी घेऊन आलेल्या असतात. मावा आणि पिठ्या ढेकूण जो गोड चिकटा सोडतात, तो खायला त्या येतात आणि बदल्यात या किडींची राखणही करतात. रांगेचा माग काढत वर गेलात, की खरा पाहुणा सापडतो.

माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लांना जन्म देऊ शकते. म्हणून सोमवारी चार दिसलेले मावे आठवड्याभरात अख्खा शेंडा झाकून टाकतात. पण या वेगावर निसर्गाकडेही उतारा आहे. लाल-काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा आपल्याला गोंडस वाटतो, पण त्याची अळी दिसते छोट्या काळ्या मगरीसारखी. घाबरून लोक तिलाच चिरडतात. अळी आणि ढालकिडा, दोघंही मावा फस्त करतात. मात्र वांग्याच्या पानावर तसाच, पण मळकट तांबूस रंगाचा, अंगावर बारीक लव असलेला आणि पुष्कळ ठिपक्यांचा भुंगेरा दिसला, पान जाळीसारखं खरवडलेलं असलं, तर तो हड्डा भुंगेरा, पानं खाणारा. दिसायला भाऊ, वागायला वैरी! तो हातानंच वेचायचा.

मित्रकीटकांची ताकद किती असते, हे आपल्या देशानं पाहिलं आहे. 2008 मध्ये कोइम्बतूरला पपईवर परदेशातून आलेला पिठ्या ढेकूण आढळला. पाठोपाठ तो इतर राज्यांत पसरला आणि फवारण्यांना दाद देईना. अखेर 2010 मध्ये पोर्टो रिकोहून त्याचे नैसर्गिक शत्रू, अगदी चिमुकल्या गांधीलमाश्या, आणून सोडल्या गेल्या. त्या या ढेकणाच्या शरीरातच अंडी घालतात. बागा सावरल्या. आपण सरसकट फवारतो, तेव्हा अशा मदतनीसांनाही मारतो आणि कीड मात्र दुप्पट जोमानं परत येते.

मग करायचं काय? माझा क्रम असा आहे. आधी पाहायचं, मग हात आणि पाणी, फवारणी शेवटी. माव्यावर सकाळी पानांच्या मागून पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. पिठ्या ढेकूण जुन्या टूथब्रशनं साबणाच्या पाण्यात घासून काढते. पांढऱ्या माशीसाठी पिवळे, तर फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे लावते. भेंडीची पानं पिवळ्या जाळीसारखी झाली, तर तो पांढरी माशी पसरवत असलेला विषाणू आहे. त्याला औषध नाही. इतर झाडं वाचवायला ते झाड उपटावंच लागतं.

एवढ्यानं भागलं नाही, तरच कडुनिंबाचं तेल. एक लिटर कोमट पाण्यात सौम्य द्रवसाबणाचे काही थेंब, मग 5 मिली तेल घालून खूप हलवा. आधी दोन पानांवर मारून एक दिवस थांबा. पानं करपली नाहीत, तर संध्याकाळी पानांच्या मागच्या बाजूला फवारा आणि आठवड्यानं पुन्हा करा. फुलांवर नको, मधमाश्या येतात. आणि कडुनिंबाचं म्हणजे निर्धोक, असं समजू नका. हे तेल लहान मुलाच्या पोटात गेलं, तर गंभीर त्रास होऊ शकतो. बाटली कपाटात, कुलपात ठेवा. फवारलेल्या कुंडीला मी लाल रिबीन बांधते. रिबीन आहे तोवर तोडायचं नाही, हा नियम लेक पाळते आणि सुटल्यावरही त्या झाडाची भाजी मी स्वतः धुऊनच देते.

आणखी एक, खताचा मोह आवरा. नत्र जास्त झालं, की पालवी लुसलुशीत येते आणि माव्याला आमंत्रण मिळतं. कुंड्या खेटून ठेवू नका, वारा खेळू द्या.

एवढं करूनही चार पानं कुरतडलेली राहतील. राहू देत. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी सापडली, तर एखादी सोडून द्या, तिचं पुढे फुलपाखरू होतं. बाजारातली डागविरहित वांगी पाहताना ती तशी कशी राहिली असतील, हा प्रश्न मला हल्ली पडतो. आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं काढा, एखादं भिंग घ्या, जमलं तर घरातल्या मुलांनाही बोलवा. तुमच्या कुंड्यांमध्ये कोण कोण राहतं, ते आधी बघा. कुणाला घालवायचं, ते मग ठरवा.