10.40 ते 11.10 राखीव

दौऱ्याचा कागद आला तेव्हा मला नोकरीला लागून सव्वीस दिवस झाले होते. नोकरी म्हणजे राहुरीजवळच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवणं. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, मंत्रिमहोदय येतायत. तुमचं मराठी चांगलं आहे, राजशिष्टाचार तुम्ही बघा."

कागद मराठीतच होता, तरी मला कळेना. 'स. 9.30 वा. शासकीय विश्रामगृह येथून मोटारीने राहुरीकडे प्रयाण. 10.40 वा. आगमन व राखीव. 11.10 वा. प्रादेशिक शैक्षणिक सहकार्य या विषयावरील परिसंवादास उपस्थिती. 12.00 वा. सोयीनुसार प्रयाण.' एम.ए.ला मी महानुभाव गद्य वाचलंय, पण 'राखीव'पाशी अडले. शेवटी कार्यालयातल्या भाऊसाहेबांना विचारलं.

"राखीव म्हणजे राखीव," ते म्हणाले. "आपण काही करायचं नसतं. टॉवेल तेवढा नवा पाहिजे."

पुढचा गोंधळ असा, की शिक्षणमंत्री म्हणजे नक्की कोण? मला वाटायचं, राज्याला एक शिक्षणमंत्री असतो. भाऊसाहेबांनी बोटांवर मोजून दाखवलं. शालेय शिक्षण वेगळं, उच्च व तंत्रशिक्षण वेगळं, वैद्यकीय शिक्षण आणखी वेगळं, आणि समोरचं एवढं मोठं कृषी विद्यापीठ यातल्या कुणाकडेच नाही. ते कृषी खात्याकडे. कुलपती राज्यपाल, प्र-कुलपती कृषिमंत्री. शिवाय राहुरीचे तत्कालीन आमदार प्राजक्त तनपुरे 2019 ते 2022 राज्यमंत्री होते, तेव्हा त्यांच्याकडे उच्च व तंत्रशिक्षणाबरोबर ऊर्जा आणि नगरविकासही होतं. "मग निवेदन शिक्षणाचं द्यायचं की विजेचं, हे लोक गाडी थांबल्यावर ठरवायचे," भाऊसाहेब म्हणाले. आमच्याकडे येणारे यातले कोणते, हे मी सांगणार नाही. पुढे जे झालं ते वाचलंत की कळेल का ते.

निमंत्रणपत्रिकेनं माझे तीन दिवस खाल्ले. राहुरी तालुका एकच, पण सगळा एका आमदाराचा नाही. देवळाली प्रवराकडचा भाग श्रीरामपूर मतदारसंघात जातो, आणि राहुरी मतदारसंघात नगर-पाथर्डीची गावं येतात. कोणाचं नाव वर, कोणाचं खाली, 'प्रमुख उपस्थिती' कोण आणि 'विशेष उपस्थिती' कोण! त्यात जिल्ह्याचं नाव बदललेलं. पहिल्या खेपेला छापखान्यानं जुनंच टाकलं, सगळ्या पत्रिका रद्दीत गेल्या.

भाषणासाठी एक पानी टिपण मागितलं होतं. ते मात्र मी मन लावून केलं. 1968 साली राज्याचं कृषी विद्यापीठ स्थापन झालं आणि ते राहुरीला आलं. पुढे 1969 मध्ये अकोला आणि 1972 मध्ये परभणी व दापोली अशी वेगळी विद्यापीठं झाली. राहुरीकडे दहा जिल्हे उरले, नंदुरबारपासून कोल्हापूरपर्यंत. आज चौघांचे शास्त्रज्ञ दरवर्षी एकत्र बसतात आणि नवे वाण, अवजारं, शिफारशी तिथं मान्य होतात. प्रवेशही एकाच यादीतून होत असल्यामुळे रत्नागिरीची मुलगी राहुरीत बाजरीची भाकरी खायला शिकते आणि धुळ्याचा मुलगा दापोलीत मासे. प्रादेशिक सहकार्य म्हणजे हेच, असा माझा मुद्दा.

आदल्या रात्री नऊ वाजता फ्लेक्स आला. उलगडला, तर ठळक अक्षरात 'प्रादेशिक शैक्षणिक सहकार'. मी फोन केला. फ्लेक्सवाला शांतपणे म्हणाला, "मॅडम, चूक तुमच्या कागदात होती, मी दुरुस्त केली. नगर जिल्ह्यात सहकार्य कोण लिहितं?" त्याचंही खोटं नव्हतं. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी उभा केलेला, 1950 साली गाळप सुरू झालेला लोणीचा सहकारी साखर कारखाना इथून जवळच. त्या 'र'ला पेननं 'य' जोडता येतो का, हे मी स्टुलावर चढून बघितलं. नाही जोडता येत.

सकाळी साडेदहाला हार, फेटे, समई, सगळं तयार. अकरा वाजले, बारा वाजले. ताफा कुठाय विचारलं की उत्तर एकच: "निघालेत." पंख्यानं समईतली वात पडायची, म्हणून पंखे बंद. परिसंवादाला कृषी विद्यापीठांतून आलेल्या पाहुण्यांना प्राचार्यांच्या शेजारच्या खोलीत बसवलं होतं. मी चहा घेऊन गेले, तर तिथं भांडण चाललेलं.

परभणीचे सर म्हणत होते, 'परभणी मोती'सारखी भाकरी दुसऱ्या ज्वारीची होत नाही. राहुरीचे सर खुर्चीच्या कडेला सरकले. "तुमची मोती एकटी. आमच्याकडे जमीन बघून वाण आहे. हलकीला अनुराधा, मध्यमला सुचित्रा, भारीला वसुधा. वसुधाची भाकरी सकाळी केली तर संध्याकाळी मोडून बघा."

"मोडायची कशाला? आमची दुमडते!"

दापोलीचे सर कोपऱ्यात गप्प होते. ज्वारीत त्यांना बोलायला जागा नव्हती. मधेच त्यांनी 'सिंधू' आंब्याची कोय किती पातळ असते ते दोन बोटांच्या चिमटीत दाखवलं. दोघांनी बघितलं, मान डोलावली आणि पुन्हा भाकरीवर आले. ताट, कणसं, कडबा गोड की नाही, माशी कशी आवरायची. मी ट्रे धरून उभीच राहिले. चहा गार झाला.

एक पंचवीसला सायरन वाजला. मंत्रिमहोदय सरळ केबिनमध्ये गेले. राखीव! टॉवेल माझ्या हातात होता, म्हणून मलाच आत ढकललं. बूट काढून ते तळवा दाबत बसले होते. "काय रस्ता आहे हो तुमचा नगर-मनमाड," म्हणाले. मग टिपण उचललं, पण चष्मा गाडीत राहिलेला. "दोन वाक्यांत सांगा, काय बोलू?" घशाला कोरड पडली. मी म्हटलं, "सर, ज्वारीची भाकरी..." त्यांना वाटलं मी जेवणाचं विचारतेय. "नको, पुढच्या मुक्कामी आहे," म्हणाले आणि बूट घालू लागले.

व्यासपीठावर त्यांनी मागे वळून फ्लेक्स बघितला. चष्मा नसला तरी ती अक्षरं कुणालाही दिसली असती. पुढची सहा मिनिटं ते सहकारावर बोलले: साखर, दूध, पतसंस्था. टाळ्यांनी सभागृह दणाणलं. चूक कुणाच्याही लक्षात आली नाही. दोनला सोयीनुसार प्रयाण.

अहवालात 'फलनिष्पत्ती' असा रकाना होता. मी लिहिलं: परभणी व राहुरी यांचे एकमेकांना दोन-दोन किलो ज्वारी पाठवण्याचे ठरले. भाऊसाहेबांनी त्यावर रेघ मारून 'सहकार्य वृद्धिंगत झाले' केलं.

आठ दिवसांनी एसटीच्या पार्सलनं माझ्या नावे एक पिशवी आली. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'वसुधाही मागवा, दोन्ही करून कळवा.' वसुधाही मागवली. मला भाकरी येत नाही, म्हणून दोन्ही पिशव्या मी शिपाई मामांकडे दिल्या. दुसऱ्या दिवशी ते दाराशी आले, आजूबाजूला बघितलं आणि हळूच म्हणाले, "मॅडम, विद्यापीठात बोलू नका, पण परभणीची."